‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकी कुठली?

लोअर परळला कामाला जाणाऱ्या कुणालाही विचारा, हपीस कुठे? कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल, टोडी मिल, फिनिक्स... उत्तरात गिरणीचं नाव येणारच. सूत मात्र तिथे वीतभरही निघत नाही. निघतात त्या पॉवरपॉइंटच्या स्लाइड्स, जाहिराती, बँकांचे रिपोर्ट आणि शुक्रवारी रात्री बिअरचे मग. गिरणगावाचे भोंगे, खानावळी, भजनी मंडळं, संप यांबद्दल आपण सगळ्यांनीच थोडंफार वाचलेलं असतं. या विकांताला मला लिहायचंय ते त्यातल्या जरा कोरड्या भागाबद्दल, म्हणजे जमिनीच्या कागदांबद्दल.

कोरडं म्हटलं म्हणून लगेच टॅब बंद करू नका! मुंबईच्या ऐन मध्यात सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होणार होती. त्यातली बागांना किती, गरिबांच्या घरांना किती आणि मालकाला किती, हा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर शेवटी ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर ठरलं. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधल्या एका शब्दावरून क्लायंटशी महिनाभर भांडलेल्या मंडळींना हे प्रकरण फार जवळचं वाटेल.

जमिनीला अट चिकटते कशी?

जमीन ‘माझी’ आहे म्हणजे तिच्यावर मी वाट्टेल ते करीन, असं शहरात कधीच नसतं. अटी साधारण दोन वाटांनी येतात. पहिली वाट कराराची. सरकार, महापालिका किंवा पोर्ट ट्रस्ट जमीन भाडेपट्ट्याने देतात, आणि लीजडीडमध्ये लिहिलेलं असतं की इथे अमुकच करायचं, इतकी वर्षं करायचं आणि मुदत संपली की असं असं करायचं. दुसरी वाट नियमाची. शहराचा विकास आराखडा आणि त्याची नियमावली सांगते की हा पट्टा उद्योगाचा, तो राहण्याचा, आणि एकाचं दुसरं करायचं असेल तर शहराला अमुक द्या. पहिली अट त्या एका प्लॉटपुरती, दुसरी सगळ्यांना सारखी. गिरण्यांच्या जमिनींवर दोन्ही प्रकारच्या अटी होत्या, आणि दोन्हींवरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं झाली.

थोडी पार्श्वभूमी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी कंपनी काढली, ताडदेवला. पुढच्या शंभरेक वर्षांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या. गिरणी म्हणजे एक इमारत नव्हे. कताईचे, विणाईचे प्रचंड शेड, कापसाची गोदामं, चिमणी, तळं, मधे मोठमोठी आवारं. बरेचसे शेड बुटके, पण आडवे पसरलेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या त्याआधीच डबघाईला येत होत्या. यंत्रं जुनी, आणि यंत्रमागांची स्पर्धा. संपानंतर मालकांना दिसायला लागलं की कापड विकण्यापेक्षा ते ज्या जमिनीवर विणतो ती विकण्यात कितीतरी जास्त पैसा आहे. अडचण एकच होती: ती जमीन ‘औद्योगिक’ होती.

१९९१ : तीन वाटे

मार्च १९९१ मध्ये मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातला नियम क्रमांक ५८ खास कापड गिरण्यांसाठी होता. कल्पना एकदम देशी, भावाभावांच्या वाटणीसारखी. गिरणीची जमीन पूर्ण मोकळी करून पुनर्विकास करायचा असेल तर तिचे तीन वाटे करा. एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाने विकावा नाहीतर बांधावा. जमीन ५ हेक्टरपर्यंत असेल तर वाटे ३३, २७ आणि ४० टक्के. ५ ते १० हेक्टर असेल तर ३३, ३४, ३३. त्याहून मोठी असेल तर ३३, ३७ आणि ३०. म्हणजे जमीन जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी.

मला हा नियम आवडतो. त्यामागचा हिशोब साधा आहे. औद्योगिक जमिनीचा भाव आणि टॉवर बांधता येणाऱ्या जमिनीचा भाव यांत जो फरक आहे, तो मालकाच्या कष्टाने आलेला नाही. तो शहर वाढल्यामुळे आला, लोकल आल्यामुळे आला, त्या गिरण्यांत तीन-तीन पिढ्या राबल्या म्हणून आला. मग त्या फरकातला काही भाग शहराला परत मिळावा, यात चूक काय?

पण मालकांना ६० टक्के जमीन हातातून जाणार हे दिसत होतं. त्यामुळे पुढची दहा वर्षं फारसं कुणी पुढे आलंच नाही. १९९६ मध्ये सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या, मुंबईतल्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार केला. प्रत्येक गिरणीतून सुटा तुकडा घेण्यापेक्षा वाटे जोडून सलग मोठ्या मोकळ्या जागा करायच्या, असा विचार होता. अहवाल आला, आणि अहवालांचं जे होतं ते त्याचं झालं.

२००१ : एका शब्दाची दुरुस्ती

२० मार्च २००१ रोजी राज्य सरकारने एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ खाली नियम ५८ बदलला. तीन वाटे तसेच ठेवले, टक्केवारीही तशीच. वरवर बघणाऱ्याला वाटावं की काहीच बदललं नाही. बदललं ते एवढंच, की वाटे आता सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत. गिरणीच्या आवारात जी जमीन ‘मोकळी’ आहे आणि जो चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, अजून वापरायचा शिल्लक आहे, तेवढ्याचेच करायचे. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती या हिशोबात नाही. उलट, पाडलेल्या बांधकामाइतकं बांधकाम मालकाने नव्याने करावं, त्यात कुणाचा वाटा नाही.

आता ते बुटके, आडवे पसरलेले शेड आठवा.

एक ढोबळ गणित करू. (चटईक्षेत्राची भानगड बाजूला ठेवतोय, आकडे नुसते समजण्यापुरते.) समजा १० एकरांची गिरणी आहे. ८ एकरांवर शेड, गोदामं वगैरे, २ एकर आवार. १० एकर म्हणजे साधारण ४ हेक्टर, तेव्हा वाटे ३३, २७, ४०.

१९९१ च्या नियमाने: महापालिकेला ३.३ एकर, म्हाडाला २.७ एकर, मालकाला ४ एकर.

२००१ च्या नियमाने: वाटे फक्त २ एकरांचे. महापालिकेला ०.६६ एकर, म्हाडाला ०.५४ एकर, मालकाला ०.८ एकर. अधिक शेडखालचे ८ एकर, म्हणजे मालकाकडे एकूण ८.८ एकर.

शहराचा वाटा ६ एकरांवरून १.२ एकरांवर आला! फॉर्म्युला तोच, फंक्शन तेच. इनपुट व्हेरिएबलची व्याख्या तेवढी बदलली. आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यूला असं काही आलं असतं तर निदान एकाने तरी विचारलं असतं की बाबा रे, हे ‘किरकोळ बदल’ या नावाखाली का चाललंय?

सरकारची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो अन्याय होईल. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या नियमाखाली गिरण्या पुढेच येत नव्हत्या, त्यामुळे शहराला मिळणारा वाटा कागदावरच होता. जमीन विकली गेली नाही तर कामगारांची थकलेली देणी कुठून द्यायची? आजारी गिरण्यांचं पुनर्वसन कुठल्या पैशातून करायचं? शून्याच्या ६० टक्क्यांपेक्षा थोडं तरी पदरात पडलेलं बरं. हा युक्तिवाद मला अगदीच फेकून देण्यासारखा वाटत नाही. फक्त, मधला एखादा आकडा काढता आला नसता का? साठावरून थेट बारावर?

२००५ : हायकोर्ट

नियम बदलल्यावर गाडी धावायला लागली. एनटीसीने २००५ मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या: ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्रमांक ३. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. (हीच जमीन डीएलएफने २०१२ मध्ये लोढांना २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट, मधे एकही टॉवर न बांधता!)

त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था जनहित याचिका घेऊन मुंबई हायकोर्टात गेली. सुनावणीच्या वर्षातच २६ जुलै येऊन गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि शहरात मोकळी जमीन कशासाठी लागते हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

१७ ऑक्टोबर २००५ रोजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला. सारांश असा, की ‘मोकळी जमीन’ म्हणजे शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीनसुद्धा. शहराला श्वास घ्यायला जागा आणि गरिबांना घरं, हा नियमाचा मूळ हेतू आहे. तो मरेल असा अर्थ लावता येणार नाही. घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात चांगलं पर्यावरणही येतं. एनटीसीच्या त्या पाच विक्रीही रद्द झाल्या. बिल्डरांच्या हपीसांत त्या दिवशी काय वातावरण असेल याची कल्पनाच करावी.

२००६ : सुप्रीम कोर्ट

हा आनंद पाच महिने टिकला. ७ मार्च २००६ रोजी, बॉम्बे डाइंगच्या अपिलावर, सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला. २००१ चा नियम वैध, ‘मोकळी जमीन’ म्हणजे आधीपासून मोकळी असलेलीच, एनटीसीच्या विक्रीही कायम. कामगार, मालक, आजारी गिरण्या आणि पर्यावरण यांत तोल कसा साधायचा हे धोरण ठरवणाऱ्यांचं काम आहे. नियमात जे लिहिलंय त्याच्या पलीकडचा अर्थ कोर्टाने त्यात घालू नये.

पण माझं लक्ष वेधलं ते निकालातल्या आणखी एका मुद्द्याने: उशीर. नियम बदलला २००१ मध्ये, याचिका आली २००५ मध्ये. मधल्या चार वर्षांत परवानग्या निघाल्या, व्यवहार झाले, लोकांनी पैसे गुंतवले. कोर्टाने म्हटलं, विलंबामुळे तिसऱ्या पक्षाचे हक्क तयार झाले असतील तर जनहित याचिकाही टिकेलच असं नाही.

म्हणजे व्याख्या बदलल्याचा परिणाम लोकांना जमिनीवर दिसेपर्यंत तक्रार करायची वेळ टळून गेलेली असते. कागदावरचं वाचून कुणी ओरडत नाही, आणि टॉवर दिसल्यावर ओरडलं तर ‘आता फार उशीर झाला’.

दुसरी वाट : एक रुपया भाड्याची जमीन

आता करारातल्या अटीची गोष्ट. ही जास्त जुनी आहे आणि तिचा शेवट अगदी अलीकडचा.

१८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. पुढे त्याच्या कायद्यात गरीब वर्गाच्या घरांसाठीच्या योजनांची तरतूद आली. या तरतुदीखाली सेंच्युरी मिलने १९१८ मध्ये आपल्या कामगारांसाठी चाळी बांधण्याकरता जमीन मागितली. ट्रस्टची जमीन, कंपनीचं बांधकाम, आत राहणार कामगार. लीज १ एप्रिल १९२७ पासून २८ वर्षांचं, नाममात्र भाडं वर्षाला एक रुपया. ४७६ खोल्या आणि १० दुकानं झाली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि जमीनदार म्हणून महापालिका आली. ३१ मार्च १९५५ ला लीज संपलं.

आणि मग... काहीच झालं नाही. कंपनीचा ताबा तसाच राहिला, महापालिकेनेही जमीन परत घेतली नाही. अर्धशतकाहून जास्त काळ लोटल्यावर कंपनी कोर्टात गेली: कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे लीज संपल्यावर ही जमीन आमच्या नावावर करून द्यायला हवी होती, आता द्या. १९५५ ची वरळी आणि आजची वरळी यांच्या भावातला फरक मी सांगायला नको. बॉम्बे डाइंगने वरळीतली आपली सुमारे २२ एकर जमीन विकायचा व्यवहार २०२३ मध्ये केला, ५,२०० कोटींना. सेंच्युरी टेक्स्टाइल्सचं तर नावच २०२४ मध्ये आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झालं. या एका नामांतरात गिरणगावाचा अख्खा इतिहास आला.

मार्च २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. महापालिका अपिलात गेली, आणि ७ जानेवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. कायदा आणि लीजडीड एकत्र वाचलं तर जमीन नावावर करून देण्याचं बंधन महापालिकेवर येत नाही. जमीन दिली होती ती गरीब कामगारांच्या घरांसाठी. त्या सवलतीचा फायदा घेऊन पुढे तिचा व्यापारी उपयोग करणं मूळ हेतूत बसत नाही. आणि शिवाय, उशीर! इतक्या वर्षांनी जागं होऊन हक्क मागता येत नाही.

गंमत बघा. २००६ मध्ये उशिराचा मुद्दा नागरिकांच्या विरोधात गेला, २०२५ मध्ये तोच मुद्दा कंपनीच्या विरोधात गेला. २००६ मध्ये शब्दाच्या पलीकडचा हेतू बघायला कोर्ट तयार झालं नाही. २०२५ मध्ये हेतू बघितला. कायदेपंडित यावर नियमावली वेगळी, करार वेगळा, असे दहा फरक सांगतील, आणि ते बरोबरही असतील. मला त्यातून जे दिसतं ते असं: जिथे अट स्पष्ट लिहिलेली होती, मुदत लिहिलेली होती, कशासाठी दिली ते लिहिलेलं होतं, तिथे ती शंभर वर्षांनंतरही उभी राहिली, तीसुद्धा मधली सत्तर वर्षं कुणी तिच्याकडे धड बघितलेलं नसताना. आणि जिथे एका शब्दाची व्याख्या गुपचूप बदलता आली, तिथे सगळ्या जगाचं लक्ष असूनही ती पाच वर्षांत वाहून गेली.

कुणाला काय मिळालं?

कामगारांना घरं मिळाली, पण कशी? दत्ता इस्वलकरांच्या गिरणी कामगार संघर्ष समितीसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. (इस्वलकर २०२१ मध्ये गेले.) म्हाडाच्या वाट्याच्या जमिनींवर इमारती झाल्या आणि २०१२ मध्ये कामगारांसाठी मोठी लॉटरी निघाली. घरं जवळपास ७ हजार, अर्जदार दीड लाखाच्या घरात. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची आणखी एक लॉटरी झाली. संपाच्या वेळी तिशीत असलेला माणूस तोवर सत्तरीला आला होता. घरं कमी आणि माणसं जास्त हे दैव नव्हे, तो २००१ चा हिशोब आहे. वाटा सहा एकरांवरून सव्वा एकरावर आणला की लॉटरी काढावीच लागते.

आणि मैदानं? सलग मोठं मैदान होणार होतं तिथे कोपऱ्या-कोपऱ्यात तुकडे आले. हपीसं आली, पण रस्ते आणि स्टेशनं बरीचशी जुनीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. त्याला एकटा नियम ५८ जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी पाऊस होता, आणि पुलाचं काम रेल्वेचं. पण एका औद्योगिक पट्ट्यावर इतक्या हपीसांची गर्दी आणताना शहरासाठी राखलेली जागा कुठे गेली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता हे सगळं फक्त परळपुरतं नाही. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या मुंबई नियमावलीतही कापड गिरण्यांसाठी वेगळा नियम आहे. आणि बंद पडणारे कारखाने आपल्या प्रत्येक शहरात आहेत. आपण तिथल्याच टॉवरमध्ये फ्लॅट बघायला जातो, सँपल फ्लॅटमधला सोफा बघतो आणि ब्रोशर घेऊन परत येतो. त्या जमिनीवर कुठली अट होती, ती कुणी, कधी, कुठल्या शब्दाने काढली, हे ब्रोशरमध्ये नसतं.

कलम ३७ खाली नियम बदलायचा असेल तर साधारणपणे आधी नोटीस काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, टेंडर नोटिसांच्या शेजारी ती छापून येते. महिनाभराची मुदत असते. आपल्यासारखे लोक दिवसभर दुसऱ्यांची स्पेसिफिकेशन्स वाचून त्यातल्या चुका काढतात, आणि त्याचा पगार घेतात. पुढच्या वेळी आपल्या शहराची अशी नोटीस दिसली तर टक्केवारीचा तक्ता नंतर बघा. आधी ‘व्याख्या’ हा भाग उघडा, आणि मागच्या वेळी तिथे काय लिहिलं होतं ते शेजारी ठेवून वाचा. हरकत लिहायला एक पान पुरतं, फक्त ते मुदतीत पोचलं पाहिजे.